ओव्हरक्लॉकही पाहिजे आणि पंख्याचा आवाजही नको : जमतंय का हे?

वडगावचा_फोटोवाला · सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या वडगावात राहतो, लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग घरीच करतो. मशीन सेकंडहँड घेतलंय. इंटेल आय५-८६००के, झेड३७० बोर्ड, १६ जीबी रॅम, १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, कॅबिनेटच्या मागं एक जुना पंखा, आणि ६०० व्हीएचा यूपीएस.

आधीच्या मालकानं ४.८ गिगाहर्ट्झला ओव्हरक्लॉक करून दिलंय, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या स्पीडच्या वर पळवलंय. बायोसमध्ये बघितलं तर व्होल्टेज १.३२ ला फिक्स, सी-स्टेट्स (काम नसताना कोअर झोपवायची सोय) बंद, स्पीडस्टेप (काम नसताना क्लॉक उतरवायची सोय) बंद. विंडोजमध्ये हाय परफॉर्मन्स प्लॅन.

दिवसा काही वाटत नाही. शेजारी यंत्रमाग चालू असतात, त्यात मशीनचा आवाज कुणाला ऐकू येणार ओ. पण रात्री माग थांबले की हे एकटंच घोंघावत बसतंय. वडील त्याच खोलीत झोपतात. मी नुसता फोल्डर उघडून फोटो बघत असलो तरी पंखा फुल्ल. रिकाम्या बसल्या तापमान ५४, एक्सपोर्टला ८८.

यूट्यूबवर जो तो सांगालाय की ओव्हरक्लॉक केला की पॉवर सेव्हिंगचं सगळं बंदच ठेवायचं, नाहीतर मशीन हँग होतंय. खरं आहे काय हे? स्पीड सोडायची तयारी नाही, सीझन तोंडावर आलाय.

उद्यमबाग_लेथ · मंगळवार, सकाळी ७:१५

तो सल्ला जुन्या काळातला आहे, अजून फिरतोय इतकंच.

जानेवारी २०११ मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली, तेव्हापासून इंटेलच्या 'के' प्रोसेसरात ओव्हरक्लॉक म्हणजे टर्बोचा (काम आलं की आपोआप चढणाऱ्या स्पीडचा) गुणक वर नेणं. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरच राहतो. तुमच्या मशीनवर गुणक ४८ आहे म्हणून ४.८. काम नसेल तेव्हा तोच गुणक ८ वर यायला पाहिजे, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ. स्पीडस्टेप बंद केल्यामुळं तो उतरतच नाही. ओव्हरक्लॉक आणि पॉवर सेव्हिंग यांच्यात भांडण नाही, वरचं टोक एकानं ठरवायचं आणि खालचं दुसऱ्यानं.

आता विजेचा हिशेब. प्रोसेसर चालू असताना जी वीज खातो ती क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणाला धरा, ४.१ ला १.१५ व्होल्ट लागतात (८६००के चे सहाही कोअर कामाला लागले की कंपनीचा टर्बो ४.१ च आहे) आणि ४.७ ला १.२८ लागतात. स्पीड वाढला १५ टक्के. विजेचा खप? १.१५ गुणिले १.२४, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के जास्त. ती सगळी उष्णता होऊन पंख्याच्या गळ्यात पडते. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी सगळ्यात जास्त किंमत मोजावी लागते. ४.८ वरून ४.६ वर या, एक्सपोर्टमध्ये फरक घड्याळ लावून बघितला तरच कळेल. आवाजात मात्र लगेच.

आज एवढंच करा :
बायोसमध्ये सगळ्या सी-स्टेट्स आणि स्पीड शिफ्ट (स्पीडस्टेपचाच नवा अवतार) चालू. विंडोजमध्ये बॅलन्स्ड प्लॅन. व्होल्टेजला अजून हात लावू नका. मग रिकामं तापमान सांगा.

जुना_जाणता · मंगळवार, सकाळी ९:०३

लेथवाल्यांशी सहमत. थोडी जुनी गोष्ट सांगतो, कारण हा घोळ कुठून आला ते त्यात आहे.

एएमडीनं २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर कूल अँड क्वाएट आणलं. काम नसलं की क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही खाली. त्याआधी इंटेलचं स्पीडस्टेप २००० पासून होतं, पण लॅपटॉपांपुरतं. टेबलावरच्या मशीनला ही चैन नवीन होती. पण तेव्हा ओव्हरक्लॉक म्हणजे बसचा क्लॉक वाढवायचा आणि बायोसमध्ये व्होल्टेज हातानं टाकायचं. हातानं व्होल्टेज टाकलं की कितीतरी बोर्डांवर कूल अँड क्वाएट आपोआप बंद. आणि बंद नाही झालं तर आणखी वाईट, कारण खालच्या पायरीचं व्होल्टेज कंपनीच्या हिशेबाचं आणि क्लॉक मात्र तुमचा वाढवलेला. मशीन कामात नाही, विश्रांतीत कोसळायचं.

मग आम्ही आरएमक्लॉक नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर वापरायचो. प्रत्येक पायरीला किती गुणक आणि किती व्होल्टेज, ते विंडोजमधून स्वतः लिहायचं. बायोसला काही कळायचंच नाही. टिळकवाडीत तेव्हा दुपारभर लाईट नसायची, संध्याकाळी आली की हेच उद्योग. पायऱ्या नीट लावल्या की ओव्हरक्लॉक केलेलं मशीन रिकाम्या वेळी १ गिगाहर्ट्झवर गप पडून राहायचं.

सांगायचा मुद्दा : 'बंदच ठेवा' हे त्या काळात आळशी माणसाचं उत्तर होतं. आता तर बोर्डच ते सगळं करतो.

अथणी_एक्सप्रेस · मंगळवार, दुपारी १:२०

फिक्स व्होल्टेज १.३२, तेच तर मूळ. रिकामं असताना पण १.३२ चालू म्हणजे वीज वायाच की. पहिल्यांदा ते काढा.

जुना_जाणता · मंगळवार, दुपारी २:४८

अथणीकर, थोडं थांबा. व्होल्टेज फिक्स असलं तरी सी६ (सी-स्टेट्समधली खोल झोप) चालू असेल तर रिकामा कोअर पुरवठ्यापासूनच तोडला जातो. इंटेलनं हे २००८ च्या नेहेलेम पिढीपासून केलंय, प्रत्येक कोअरला स्वतःचं पॉवर गेट. सॉफ्टवेअर १.३२ दाखवतं ते बोर्डाच्या लाईनवरचं व्होल्टेज. आत कोअर झोपलेला असेल तर त्या १.३२ चं त्याला काय.

म्हणून वडगावकरांच्या मशीनवर मुख्य दोष सी-स्टेट्स बंद असण्याचा, फिक्स व्होल्टेजचा दुसरा नंबर. हलकं काम चालू असताना, म्हणजे ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ बघणं, तिथं मात्र व्होल्टेज खाली यायला पाहिजे. तेव्हा कोअर झोपत नाहीत, नुसते पेंगत असतात.

मलप्रभाकाठ · मंगळवार, दुपारी ४:१०

मी खानापूरजवळ हार्मोनियमचे क्लास घेते, मुलांची गाणी त्याच खोलीत रेकॉर्ड करते. माझं मशीन साधं आहे, ओव्हरक्लॉक वगैरे नाही. पण मला जो त्रास आहे तो वेगळा. पंखा सतत मोठ्यानं फिरला तर रेकॉर्डिंगमधून काढता येतो, एकसारखा आवाज असतो. माझा पंखा दर थोड्या वेळानं चढतो आणि उतरतो, 'हूंऽऽ' करून. ते काढता येत नाही. पॉवर सेव्हिंग चालू असल्यामुळंच होतंय का हे?

(जुलैत प्रश्नच नाही. कौलावर पाऊस असा कोसळतो की माईक बंदच ठेवावा लागतो.)

उद्यमबाग_लेथ · मंगळवार, संध्याकाळी ७:३५

ताई, होय आणि नाही. एखादं पान उघडलं की एक कोअर क्षणभर टर्बोला जातो, तापमान ४० वरून ५८ ला उडी मारतं, पुढच्या सेकंदाला परत ४२. चिपच्या आतला सेन्सर इतका चपळ असतो. कूलरचं धातू एवढ्यात गरमही होत नाही. पण बोर्डाचा पंखा त्या सेन्सरच्या मागं धावतो.

बायोसमध्ये फॅन कंट्रोलमध्ये 'स्टेप अप टाईम', 'स्मूदिंग' किंवा 'हिस्टेरेसिस' असं काहीतरी असतं. वर जायचा वेळ जमेल तेवढा वाढवा. आणि फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला किती फेरे याचा आलेख) ६० अंशांपर्यंत सपाट ठेवा, एकाच फेऱ्यांवर. प्रोसेसरला ६० म्हणजे काहीच नाही, इंटेलचे १०० पर्यंत आणि एएमडीच्या रायझन ५००० चे ९०-९५ पर्यंत चालतात. आपणच उगीच ४५ ला घाबरतो.

पंख्याचे फेरे निम्मे केले की आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. १२०० चे ९०० केले तरी ६ डेसिबलचा फरक. आणि एकसारखे ९०० फेरे हे ६०० ते १२०० असं वरखाली करण्यापेक्षा कानाला कितीतरी बरे.

वडगावचा_फोटोवाला · मंगळवार, रात्री १०:५५

सांगितल्यासारखं केलं ओ. सी-स्टेट्स, स्पीड शिफ्ट चालू, बॅलन्स्ड प्लॅन. रिकामं तापमान ३८ वर आलं! क्लॉक ८०० दाखवतंय. यूपीएसच्या अलीकडं प्लगमध्ये घालायचा मीटर शेजाऱ्याकडनं आणला, आधी ७८ वॅट होते, आता ४९.

पण आवाज? थोडासाच कमी. म्हणजे लई जोरात होता तो आता जोरात झालाय.

जुना_जाणता · मंगळवार, रात्री ११:१०

३८ अंशाला पंखा बोंबलत असेल तर तो प्रोसेसरचा पंखा नव्हे. कॅबिनेटच्या मागच्या पंख्याला वायरी किती आहेत, तीन का चार?

वडगावचा_फोटोवाला · मंगळवार, रात्री ११:३१

तीन.

जुना_जाणता · मंगळवार, रात्री ११:३८

मग उत्तर सापडलं. चार वायरींच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात, आणि वेग चौथ्या वायरीवरच्या २५ किलोहर्ट्झच्या संकेतानं ठरतो. तीन वायरींच्या पंख्याला ती वायरच नाही. बायोसमध्ये तो हेडर (बोर्डावरची पंखा जोडायची जागा) पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चौथ्या वायरीच्या संकेतावर, असेल तर पंख्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि तो आयुष्यभर फुल्ल फिरतो. त्याच हेडरला डीसी मोडवर टाका. मग बोर्ड व्होल्टेज कमी करून वेग उतरवेल.

आणि कॅबिनेट उघडतच आहात तर कूलर बघा. वडगावात आहात म्हणून सांगतोय.

वडगावचा_फोटोवाला · बुधवार, सकाळी ८:२०

काका, पाया पडतो. डीसीवर टाकला आणि मागचा पंखा आहे की नाही तेच कळेना.

आणि कूलरचं काय सांगू. पुढचा पंखा क्लिप काढून बाजूला केला तर पत्र्यांच्या तोंडाशी सुताच्या धुळीचा थर, नमद्यासारखा. नखानं कडेला धरून ओढला तर सबंध एका तुकड्यात निघाला, पलीकडचं दिसत नव्हतं त्यातनं. एका टोकाला शेजारच्या मागावरचा जांभळा धागा. आतल्या पत्र्यांवर काहीच नाही, कोरे करकरीत. म्हणजे हवा आत जातच नव्हती.

एक्सपोर्टला आता ७६. क्लॉक अजून ४.८ च आहे.

उद्यमबाग_लेथ · बुधवार, सकाळी ८:४५

आमच्याकडं कास्टिंगची काळी भुकटी, तुमच्याकडं सूत. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

आता व्होल्टेजकडं या. गुणक ४६, व्होल्टेज मोड अ‍ॅडॅप्टिव्ह, टर्बो व्होल्टेज १.२४ नं सुरुवात. लोड लाईन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचं ते) मधल्या पायरीवर. सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून व्होल्टेज सपाट धरायचा मोह होतो, तो टाळा. लोड सुटला की क्षणभर व्होल्टेज वर उसळतं.

निपाणीकर · बुधवार, सकाळी १०:३०

मध्येच विचारतो. माझ्या लॅपटॉपवर पूर्वी व्होल्टेज कमी करता यायचं, पंखा गप असायचा. बायोस अपडेट झालं आणि ते सगळं करडं पडलंय. काय करायचं?

लिनक्स_गडी · बुधवार, सकाळी १०:५२

निपाणीकर दादा, प्लंडरव्होल्ट. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालं. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज मुद्दाम चुकवून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली माहिती काढता येत होती. त्यावर उपाय म्हणून बहुतेक लॅपटॉप कंपन्यांनी ती सोयच बंद केली. जुनं बायोस घालायच्या भानगडीत पडू नका. विंडोजमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा, टर्बो बंद होतो. स्पीड कमी होईल, पंखा गप्प बसेल.

निपाणीकर · बुधवार, सकाळी ११:१५

९९ केलं. एका टक्क्यात एवढं? लई झालं माझ्यासाठी. धन्यवाद.

वडगावचा_फोटोवाला · गुरुवार, रात्री १२:२०

अ‍ॅडॅप्टिव्हचं मेनू माझ्या बोर्डात विचित्र आहे, म्हणून ऑफसेट घेतला, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजातून सरसकट थोडं कमी. उणे ९० मिलिव्होल्ट, गुणक ४६. स्ट्रेस टेस्ट दिवसभर चालली, ६९ च्या वर तापमान गेलं नाही, एकही एरर नाही. खूश होतो.

मग संध्याकाळी चहा पीत पेपर वाचालोय ब्राउझरमध्ये, काही लोड नाही, आणि स्क्रीन तशीच गोठली. माऊस पण नाही. परत चालू केलं, थोड्या वेळानं परत तसंच. दिवसभर रगडलं तेव्हा काही झालं नाही आणि पेपर वाचताना जातंय, हा काय न्याय आहे ओ?

उद्यमबाग_लेथ · गुरुवार, सकाळी ७:०५

या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आता आली.

ऑफसेट फक्त वरच्या टोकाला लागत नाही, सगळ्या पट्ट्याला लागतो. ४.६ ला कंपनीनं भरपूर व्होल्टेज दिलेलं असतं, त्यातले ९० कमी केले तरी चालतं. ८०० मेगाहर्ट्झला आधीच कमी असतं, तिथं ९० कमी केले की जमीन सुटते. शिवाय झोपेतून उठतानाचा क्षण नाजूक असतो, कोअर एकदम वर जायला निघतो आणि व्होल्टेज मागून पोचतं.

स्ट्रेस टेस्टमध्ये हे कधीच सापडणार नाही, कारण तिथं प्रोसेसर वरच्या टोकाला चिकटून बसलेला असतो. खाली येतच नाही. पॉवर सेव्हिंगसकट ओव्हरक्लॉक करायचा तर परीक्षा रिकाम्या वेळेची घ्यायची. मशीन चालू ठेवा आणि काही करू नका. गाणी लावा, पानं उघडा-बंद करा, झोपवा-उठवा. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ-लॉगर' (WHEA-Logger) शोधा. १९ नंबरची नोंद म्हणजे चूक झाली पण प्रोसेसरनं सावरली. १८ म्हणजे सावरली नाही. १९ दिसायला लागली की व्होल्टेज कमी पडतंय असं समजा, मशीन अजून पडत नसलं तरी.

हे एवढ्यासाठीच लोक 'सी-स्टेट्स बंद करा' म्हणतात. खालचं व्होल्टेज नीट लावायचं सोडून खाली यायची वाटच बंद करतात.

तुमच्यासाठी : ऑफसेट उणे ९० चा उणे ४० करा. तेवढ्यानं भागत नसेल तर अ‍ॅडॅप्टिव्हचं ते विचित्र मेनू फोटो काढून टाका इथं, लावून देतो. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये वरचं टोक वेगळं लावता येतं, खालच्याला धक्का न लावता.

अथणी_एक्सप्रेस · गुरुवार, सकाळी ९:४०

रायझनवाल्यांसाठी तीच गोष्ट वेगळ्या नावानं. माझं ५६००एक्स आहे. त्यात गुणक हातानं लावून सगळे कोअर ४.५ ला बांधले की एका कोअरचा ४.६ चा टर्बो जातो, म्हणजे तोटाच. त्यापेक्षा पीबीओमध्ये (रायझनच्या आपोआप ओव्हरक्लॉकच्या मेनूत) कर्व्ह ऑप्टिमायझर, उणे आकडा. एक पायरी म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. कमी व्होल्टेज झालं की उरलेल्या जागेत प्रोसेसर आपणहून वर जातो. ओव्हरक्लॉक आणि बचत एकाच बटणावर.

प्रोसेसरच्या वॅटना वर मर्यादा घालायची तर पीपीटी. कंपनीची ७६ वॅट आहे. इको मोडला ६१ च्या आसपास येते. अथणीत एप्रिल-मेमध्ये मी इकोवर टाकतो. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही तेवढाच तापतो, त्यात बेळगावची हवा आम्हाला कुठली.

मी सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० दिलं होतं, तेव्हा माझंही असंच रिकाम्या वेळी रीस्टार्ट व्हायचं. कोअरसायक्लर नावाचं साधन आहे, एकेका कोअरला पाळीपाळीनं तपासतं. दोन कोअर नाजूक निघाले, त्यांना उणे १२, बाकीच्यांना ३० च ठेवलं.

जुना_जाणता · गुरुवार, सकाळी ११:२५

अथणीकरांनी रायझनचा विषय काढलाच आहे तर आणखी एक. सुरुवातीच्या रायझन मशीन काहीही ओव्हरक्लॉक न करता रिकाम्या वेळी गोठायच्या. कारण व्होल्टेज नव्हे, पॉवर सप्लाय. प्रोसेसर इतका कमी करंट घ्यायला लागला की जुन्या सप्लायला १२ व्होल्टची लाईन सांभाळता येईना. २०१३ मध्ये इंटेलचा हॅसवेल आला तेव्हाही हीच बोंब होती, सी६-सी७ मध्ये तो १२ व्होल्टवर ०.०५ अ‍ॅम्पिअरपर्यंत उतरायचा. रायझन बोर्डांत त्यासाठी 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' आहे, ते 'टिपिकल करंट आयडल' करायचं. दोनचार वॅट जास्त जातात, पण मशीन गोठत नाही.

सप्लाय पंधरा वर्षांचा आणि प्रोसेसर नवा अशी जोडी आपल्याकडं घरोघरी आहे.

लिनक्स_गडी · गुरुवार, दुपारी १२:०२

लिनक्सवाल्यांना एकच : इंटेलवर 'पॉवरसेव्ह' गव्हर्नर (क्लॉक किती ठेवायचा ते ठरवणारी सेटिंग) दिसला म्हणून घाबरून 'परफॉर्मन्स' लावू नका. इंटेल पीस्टेट ड्रायव्हरमध्ये तो क्लॉक खाली बांधून ठेवत नाही, गरजेप्रमाणं टर्बोपर्यंत नेतो. एएमडीसाठी एएमडी-पीस्टेट कर्नल ५.१७ पासून आहे.

वडगावचा_फोटोवाला · गुरुवार, रात्री १०:१५

उणे ४० वर टाकलं, गुणक ४६. अजून तरी गोठलं नाही. व्हीआ-लॉगर बघितला, कालच्या १८ नंबरच्या नोंदी आहेत, आजची एकही नाही.

एक्सपोर्टला बरोबर ४.६ दिसत नाही ओ, ४.३ दिसतंय. स्पीड कोण खाल्लं?

उद्यमबाग_लेथ · गुरुवार, रात्री १०:४०

एव्हीएक्स ऑफसेट ३ ठेवलेला असणार आधीच्या मालकानं. व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये एव्हीएक्स२ च्या आज्ञा असतात, त्या आल्या की गुणक तितक्यानं उतरतो. म्हणजे बघा, तुमच्या खऱ्या कामाला आधीसुद्धा ४.८ कधी मिळतच नव्हतं. ४.५ मिळत होतं आणि आवाज ४.८ चा. तो एव्हीएक्स ऑफसेट शून्य करा, ४.६ मिळेल. तापमान ८० च्या आत राहिलं तर राहू द्या.

दुसरं. तुमच्या प्रोसेसरात यूएचडी ६३० ग्राफिक्स आहे, त्यात क्विकसिंक, म्हणजे व्हिडिओ एन्कोडिंगची वेगळी यंत्रणा. ग्राफिक्स कार्ड वेगळं असलं तरी बायोसमधून ते चालू ठेवता येतं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग निवडा. गिऱ्हाईकाला दाखवायची कच्ची कॉपी, व्हॉट्सअ‍ॅपला पाठवायचा तुकडा, हे सगळं त्यावर काढा, पंखा हलणार पण नाही. शेवटची चांगली कॉपी प्रोसेसरवर, दिवसा, माग चालू असताना. तेवढ्याच आकाराच्या फाईलला क्विकसिंकचा दर्जा थोडा कमी येतो, लग्नाच्या अल्बमला ते चालणार नाही.

आणि रात्रीसाठी वेगळा पॉवर प्लॅन करून ठेवा, निपाणीकरांचा ९९ वाला. टर्बो गेला की तुमचं मशीन ३.६ वर, व्होल्टेजही आपोआप खाली. बायोसमध्ये जायची गरज नाही, टास्कबारवरून प्लॅन बदलायचा. मध्येच लाईट गेली तर यूपीएसवर पण जास्त वेळ टिकेल.

चिकोडी_नवखा · शुक्रवार, सकाळी ९:१०

मी इंटेलचा १४७००के घेतलाय. माझ्यावर पण ऑफसेट करू का?

जुना_जाणता · शुक्रवार, सकाळी ९:३३

आधी बायोस. १३व्या आणि १४व्या पिढीत प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून स्वतःलाच झिजवत होते. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ (0x129) मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं, १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवणारं, आणि त्यानंतर आणखी. वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. ते बायोस घाला, इंटेलचे डिफॉल्ट लावा, काही आठवडे मशीन नीट चालतंय ना बघा. मग पॉवर लिमिट २५३ वॅटवरून १२५ ते १५० वर आणा. तुमच्या बाबतीत ओव्हरक्लॉकचा विचारच नको, कंपनीनंच तो करून पाठवलाय.

मलप्रभाकाठ · शुक्रवार, दुपारी ३:५५

लेथवाले दादा, कर्व्ह ६० पर्यंत सपाट केला, पंखा आता चढउतार करत नाही. मात्र पंखा शांत झाल्यावर दुसराच आवाज ऐकू यायला लागलाय. अगदी बारीक, उंच, 'ची ची ची'. माऊस हलवला की बदलतो! रेकॉर्डिंगमध्ये तार षड्जाच्याही वर कुठंतरी दिसतो.

उद्यमबाग_लेथ · शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

ताई, ती कॉईलची शिट्टी. बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूला जे काळे चौकोनी ठोकळे असतात त्यांच्या आत तार गुंडाळलेली असते. प्रोसेसर झोपतो-उठतो तसा करंट सेकंदाला हजारो वेळा तुटतो-जुळतो आणि ती तार थरथरते. आधीही होतीच, पंख्यानं झाकली होती.

इथं मात्र पॉवर सेव्हिंग थोडं मागं घ्यावं लागतं. सगळ्या सी-स्टेट्स बंद करू नका. 'पॅकेज सी-स्टेट लिमिट' (सबंध चिप किती खोल झोपू द्यायची ते) सी३ किंवा सी२ करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं शिट्टी जाते आणि तापमान फार वाढत नाही. नाही गेली तर फक्त रेकॉर्डिंगच्या वेळेपुरता हाय परफॉर्मन्स प्लॅन लावून बघा.

माऊसबरोबर आवाज हेडफोनमध्येच बदलत असेल आणि खोलीत येत नसेल तर गोष्ट वेगळी, ते अर्थिंगचं प्रकरण. कान कॅबिनेटला लावून आधी खात्री करा.

मलप्रभाकाठ · शुक्रवार, रात्री ८:०५

कॅबिनेटमधूनच येतो. सी३ केल्यावर खूप कमी झालाय, माईक दोन हात लांब ठेवला की रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही.

वडगावचा_फोटोवाला · शनिवार, रात्री ११:४८

एव्हीएक्स ऑफसेट शून्य, ४.६, ऑफसेट उणे ४०, एक्सपोर्टला ७८. रात्रीचा प्लॅन वेगळा केलाय, त्यात पंखा ६५० फेऱ्यांवर. लेथवाले दादा, अ‍ॅडॅप्टिव्हच्या मेनूचा फोटो खाली टाकलाय, सवडीनं बघा. आणि त्या मागच्या पंख्याच्या जागी चार वायरींचा १४० मिमीचा बसेल काय? भोकं १२० चीच दिसालीत.

उद्यमबाग_लेथ · रविवार, सकाळी ७:३०

१४० चा तिथं बसणार नाही, भोकांचं अंतर १२० ला १०५ मिमी असतं आणि १४० ला १२४.५. काही गोल कडेचे १४० मिमी पंखे १२० च्या भोकांना बसतात, पण कॅबिनेटच्या वरच्या पत्र्याला लागतो का ते मोजून घ्या. १२० चाच चार वायरींचा घ्या, झंझट नको. मेनू बघितला : तिसरी ओळ 'अ‍ॅडिशनल टर्बो मोड व्होल्टेज', तिथं १.२४० लिहा. त्याच्या खालचा ऑफसेट ऑटोवर राहू द्या.